खालच्या खोक्यातलं

भिंतीवरच्या चकचकीत तबकड्यांकडे बघू नकोस, रोसाउरा,
त्यांना गिऱ्हाईक मिळतं, माझ्याविनाही मिळेल.
गुडघे टेकायची तयारी असेल तर इकडे खाली ये,
मांजर झोपलंय त्या खोक्यापाशी.
मांजर हलवू नकोस. खोकं हलव.

ही घे. वेष्टनावर दात आहेत, बत्तीसच्या बत्तीस,
आणि एक ब्रश. छापखान्यात अदलाबदल झाली.
आत दंतवैद्याचं भाषण नाही,
आत चिलोए बेटावरचा, बोटीवरचा एक आचारी
अकॉर्डियन वाजवतो.
भात्याला भोक पडलंय, आणि त्याला ते ठाऊक आहे,
म्हणून प्रत्येक सूर आधी श्वास घेतो, मग बोलतो.
भाषणाची तबकडी त्याच्या वेष्टनात गेली.
कुठल्यातरी लग्नात लोक नाचायला उभे राहिले असतील
आणि हिरड्यांविषयी ऐकत बसले असतील.
दुकान बंद करताना कधीकधी
मी त्यांचा विचार करतो.

ही तिघी बहिणींची.
मासे डबाबंद करायच्या कारखान्यात,
रात्रपाळी सुटल्यावर केलेलं ध्वनिमुद्रण.
शीतगृहाचं यंत्र बंद करता येईना,
तर धाकटीनं गिटारच त्याच्या घुमण्याला जुळवली.
यंत्रानं खर्ज धरला, या गायल्या.
आधी तुला वाटेल, घरचं प्लेअर बिघडलं.
तिसऱ्या गाण्याला वाटेल,
बाकीचं जग बेसूर आहे.
खपल्या एकूण चाळीस. त्यातल्या अकरा मीच घेतल्या,
वेगवेगळ्या टोप्या घालून.

ऑर्गनची ही, सिनेमागृहातल्या म्हाताऱ्याची,
दुसरी बाजू लाव. सहाव्या मिनिटाला जमीन हलते.
खरंच हलते.
झुंबर किणकिणतं, कुणीतरी देवाला हाक मारतं,
खुर्च्या सरकतात,
त्याचा डावा पाय मात्र पट्टी सोडत नाही.
तू म्हणशील, वाल्पाराइसोत राहून
भूकंप विकत कशाला घ्यायचा?
अगं, आपण त्या वेळी पळत असतो.
ऐकतं कोण?

आणि ही.
वेष्टन नाही. मधल्या कागदावर नाव नाही,
नाव होतं ते किड्यांनी खाल्लं.
त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात लोकांनी पुस्तकं जाळली,
तबकड्या जळताना वास फार येतो,
म्हणून एदुविहेस मावशीनं ही रेनकोटात गुंडाळून
लिंबाच्या झाडाखाली पुरली.
सतरा वर्षांनी मी खणून काढली.
एक बाई गाते. सात गाणी.
आवाज असा, की कुणीतरी शेजारच्या खोलीत
भांडी आवरता आवरता तुझ्याशी बोलतंय.
कोण गं ही, मी मावशीला विचारलं.
मावशीला सगळं आठवत होतं,
रेनकोटाचा रंग, फावडं कुणाकडून आणलं ते,
फक्त नावं नाहीत.
नावं विसरायची सवय तिनं मुद्दाम
लावून घेतली होती. पक्की लागली.

ही विकायची नाही. ही घेऊन जा.
संध्याकाळी खिडकी उघडी ठेव, आवाज मोठा ठेव,
तुमच्या टेकडीवरच्या लिफ्टला रांग असते तेव्हा.
चौथ्या गाण्यात सुई उडते,
दोन ओळी गळतात.
त्या गळलेल्या जागी
रांगेतल्या कुणाचे ओठ न अडखळता हलले,
तर जिना उतर. चपला शोधत बसू नकोस.
नाव विचार.

नाहीच भेटलं कुणी, तर महिन्यानं परत आण.
बेचाळीस टेकड्या आहेत म्हणतात या गावात,
माझ्या वहीत सत्तावीस झाल्या.
पुढच्या टेकडीवरचा एक पोरगा थांबलाय.

अनामत नको. घाई नको. पुसायचं फडकं मऊ घे.
दातांच्या तबकडीचे मात्र पैसे ठेव,
मांजराला मासे लागतात.